फळ्यावरचं माझं ताट

दादा,

तू गेल्यापासून घरी येणारी माणसं जेवणाविषयी बोलतात. दुसऱ्या कुठल्या घरात असं होत नसेल. लोक आजाराचं विचारतात, शेवटी त्रास झाला का विचारतात, आणि मग हळूच खाण्यावर येतात. तुझा एक जुना विद्यार्थी, आता रिक्षा चालवतो, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "ताई, गुरुजींमुळे मी अजून प्रत्येक घास चावून चावून खातो. बायको वैतागते. म्हणते, तुमचं जेवण होईस्तोवर माझी भांडी घासून होतात." कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची बायको सांगत होती की जेवणावर लगेच चहा घेणं तिने तुझ्यामुळे सोडलं, कारण पालेभाजीतलं लोह चहा अंगी लागू देत नाही. हे सांगताना ती रडत होती. लोहासाठी कुणी रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तू असतास तर हसला असतास, आणि मग तिला सांगितलं असतंस की भाजीवर लिंबू पिळ, लोह जास्त अंगी लागतं.

आणि परवा भिवंडीची खानावळवाली काशीबाई आली. थकली आहे आता. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत पायऱ्या चढली. डब्यात डाळ आणि भात होता. वहिनीला जवळ घेतलं, मला म्हणाली, "आदी जेव, मंग रड. उपाशी पोटी रडला का चक्कर येते." मी म्हटलं, घशाखाली उतरत नाही. ती म्हणाली, "उतरल. गुरुजीच सांगायचे ना, घास तोंडात घोळवायचा, तो आपोआप खाली जातो."

मी जेवले. आणि जेवता जेवता ठरवलं की तुला लिहायचं. मला बोलायला नीट जमत नाही, तुला माहीत आहे. वाचनालयात इतकी वर्षं काढली ती काय उगीच नाही. तिथे कुणी मोठ्याने बोललं तर माझी नजर पुरे व्हायची. तुझ्याशी मात्र मी एकदाच मोठ्याने भांडले, आणि ते भांडण आपण शेवटपर्यंत संपवलं नाही.

तू नोकरीला लागलास ती वर्षं आठवतात. आपल्या शेलार गावाहून सायकलने भिवंडीत जायचास. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतली शाळा. भिंतीपलीकडे कारखाना, त्यामुळे सगळ्या वर्गाला वरच्या पट्टीत बोलायची सवय. तू घरी आलास की आईशीही तसाच बोलायचास. आई म्हणायची, "अरे, मी काय बहिरी आहे?" सातवीला विज्ञान शिकवताना अन्नाचा धडा आला की तुझ्या अंगात यायचं. पुस्तकातली आकृती तुला पुरेशी वाटायची नाही. कारखान्यातून तू कोऱ्या कापडाची लांब पट्टी मागून आणलीस, वर्गाच्या एका टोकाला एक मुलगा उभा केलास, पट्टी उलगडत उलगडत दाराबाहेर व्हरांड्यापर्यंत नेलीस आणि म्हणालास, हे तुमचं लहान आतडं. एवढं सगळं तुमच्या पोटात घडी घालून ठेवलेलं आहे. मुलं आपापल्या पोटाकडे बघत राहिली. त्यांच्या आईबापांचं आयुष्य कापडाच्या घड्या घालण्यात जात होतं. आपल्या आतही कुणीतरी इतकी नीट घडी घातली आहे, हे त्यांना फार आवडलं.

भाकरीचा तुकडा तोंडात धरून न गिळता चघळत राहायला लावायचास. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडायचं, "गोड लागतंय!" मग तू सांगायचास की भाकरीची साखर करायचं काम तोंडातली लाळ सुरू करते. पहिली शिफ्ट तोंडाची, दुसरी पोटाची, तिसरी आतड्याची. पहिल्या शिफ्टवाल्याने कामचुकारपणा केला की दुसऱ्याच्या डोक्यावर जास्त माल येतो. हे लूमवाल्याच्या पोरांना दोनदा सांगावं लागत नसे.

मी हे सगळं घरी बसून ऐकायचे. तू जेवताना बोलायचास, बाबा ऐकायचे, आई वाढायची, मी आईच्या मागे उभी राहून हवं नको बघायचे. तुझ्यासारखा शिक्षक मला मिळाला असता तर, असं मला तेव्हा वाटायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग तो डब्यांचा दिवस. तुला वाटलं, धडा पुस्तकात कशाला, मुलांच्या डब्यात आहेच. मधल्या सुट्टीत सगळ्यांना डबे उघडायला लावलेस. फळ्यावर तीन रकाने आखलेस: शक्ती देणारे, शरीर बांधणारे, रक्षण करणारे. एकेका मुलाचं नाव लिहून, डब्यात जे असेल त्या रकान्यात खूण. कुणाची भाकरी आणि सुकट, कुणाची चपाती आणि मेथी, कुणाचा खिमा. मंदाच्या डब्यात दोन गार रोट्या आणि लाल मिरचीचा ठेचा. तिच्या नावापुढे एकच खूण पडली. रिकाम्या दोन रकान्यांना तू लाल खडूने गोल केलेस आणि अगदी मायेने म्हणालास, "मंदा, बघ, तुझ्या डब्यात डाळ नाही, भाजी नाही." मागून एक पोरगा ओरडला, "भिशीवालीची पोरगी, आनि डाल न्हाय!" सगळा वर्ग हसला.

मंदाची आई काशीबाई लूमवर काम करणाऱ्या परगावच्या माणसांना जेवू घालायची. आपल्या भिवंडीत अशा खानावळीला भिशी म्हणतात. रोज तिच्याकडे डाळीचं मोठं पातेलं चढायचं. म्हणून तर पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून मंदा शाळेत आली नाही.

घरी येऊन तू हे मला सांगितलंस. लपवलं नाहीस. म्हणालास, "मी बरोबर शिकवलं, पण काहीतरी चुकलं." आणि मग, "तू चल माझ्याबरोबर. बाईमाणूस असलेलं बरं." मी आले. का आले ते आठवत नाही. तुला नाही म्हणायची तेव्हा सवय नव्हती.

आपण दुपारी पोचलो, कारखान्याची पाळी बदलायच्या वेळेला. एक लांबट खोली, जमिनीवर दोन रांगा, माणसांच्या केसांवर कापसाची पांढरी भुकटी. भिंतीतून लूमची खटखट येत होती आणि पेल्यांतलं पाणी थरथरत होतं. मंदा पाण्याचा जग घेऊन रांगेतून फिरत होती. तुला बघून तिने जग खाली ठेवला आणि आत पळाली.

काशीबाई वाढता वाढताच बोलली. "पोर येनार न्हाय शालेत."

"काशीबाई, माझं ऐका तरी."

"काय आयकू? तिचा डबा तुमी फल्यावर मांडलात. सगल्या गल्लीत झाला. माज्या पोरीला मी उपाशी ठेवते का?"

तू सांगू लागलास. वाढतं वय, डाळीतली प्रथिनं, नुसत्या पिठाने शक्ती येते पण अंग धरत नाही. तुझं सगळं खरं होतं. ती ऐकत होती आणि रोट्या टाकत होती. रांगेतल्या एका दाढीवाल्या माणसाने तुझ्यासाठी सरकून जागा केली. "मास्टरजी, भाषण बाद में. बैठ जाइए, दाल गरम है." सगळे हसले. तूही हसलास. तू बसलास, कारण घरी आलेला माणूस न जेवता गेला तर काशीबाईला आणखी राग आला असता. मला तिने आतल्या उंबऱ्यापाशी पाट दिला आणि चहा दिला.

तुला डाळ आवडली. तू ती परत मागितलीस. काशीबाईचा राग तेवढ्यापुरता निवळला. "घ्या गुरुजी, लाजू नका," म्हणाली आणि पातेलं तिरकं करून पळीने तळ खरवडून शेवटची डाळ तुझ्या ताटात ओतली. मी उंबऱ्यावरून बघत होते. तू बघत नव्हतास. तू त्या दाढीवाल्याला लाळेचं काम समजावत होतास.

माणसं उठली, हात धुऊन कामावर गेली. आपण थांबलो, कारण तुला मंदाशी बोलायचं होतं. तेव्हा ते आपल्या समोर झालं. काशीबाईने पातेल्यात भांडंभर पाणी घातलं, ते गोल फिरवून कडेला लागलेली डाळ सोडवली, दोन वाट्यांत ते पाणी ओतलं, आणि मायलेकी रोटी बुडवून खायला बसल्या. वर लाल मिरचीचा ठेचा. कुणी काही लपवत नव्हतं. त्यांचं रोजचं जेवण होतं ते. उरलेल्या दोन रोट्या मंदाने फडक्यात बांधून ठेवल्या, डब्याच्या सवयीने असेल.

तुझ्या ताटात तुझी डाळ अजून थोडी शिल्लक होती. तू त्या डाळीकडे बघत राहिलास.

मंदाशी तू काही बोलला नाहीस. मी सायकलच्या मागे बसले होते, तू शेलारपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाहीस. एरवी रस्त्यात कुठे शेवग्याचं झाड दिसलं तरी त्याच्या पाल्याचं व्याख्यान व्हायचं.

संध्याकाळी आपल्या घरी जेवणं झाली. नेहमीसारखीच. आधी बाबा आणि तू. बाबा वस्तीतल्या सभांमध्ये समतेवर बोलायचे, आणि मनापासून बोलायचे, पण पहिलं ताट त्यांचं असायचं हे त्यांना सुचलंही नव्हतं. आम्हालाही नव्हतं. त्या दिवशी ओल्या बोंबलाचं कालवण होतं. तू अर्ध्यात थांबलास आणि म्हणालास, "आई, तुमच्यासाठी काय राहिलं?"

"राहतं रे. तू जेव."

"काय राहिलं ते दाखव."

"आता तू माझी भांडी तपासणार का?"

पण तू उठून बघितलंस. रस्सा होता, भात होता. मासा नव्हता. एक डोक्याकडचा तुकडा होता, तो आईने माझ्यासाठी म्हणून बाजूला केला होता, आणि मी तो तिला देणार होते, आणि शेवटी दोघींपैकी कुणीच तो खाल्ला नसता. तू झाकण ठेवलंस. बाबा म्हणाले, "काय झालं?" तू म्हणालास, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात होते. शाळा सुटल्यावर तुझ्या वर्गातल्या दोन मुली गोष्टीची पुस्तकं बदलायला आल्या. एक जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, काल तुम्हाला मासा मिळाला नाही ना?"

मी म्हटलं, "काय?"

"गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. त्यांच्या घरातल्या सगळ्यांची नावं. बाबा, गुरुजी, आई, आणि तुमचं. तुमच्यापुढे एकच खूण. बाकी लाल गोल."

दुसरी तिला कोपराने ढोसत होती. मी त्यांची पुस्तकं नोंदवली. एकीचं पुस्तक दुसरीच्या नावावर पडलं, ते खोडून परत लिहिलं.

नंतर कळलं की तू नुसतं लिहून थांबला नव्हतास. वर्गाला सांगितलं होतंस, "त्या दिवशी मी मंदाचा डबा फळ्यावर मांडला. आज हे माझं घर. मी रोज मासा खातो, डाळ खातो आणि तुम्हाला प्रथिनं शिकवतो. माझी बहीण माझ्यामागे उभी असते आणि नंतर रस्सा खाते. हे मला काल दिसलं. ज्याला हसायचंय त्याने मला हसा." कुणी हसलं नाही म्हणे. तो मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "गुरुजी, आमच्यात पन आई मागनंच जेवते." मग एकेक जण सांगू लागला. त्या दिवशी धडा राहून गेला.

मला तेव्हा यातलं काही ऐकायचं नव्हतं. तू घरी आलास आणि मी ओसरीतच तुला गाठलं. माझा आवाज इतका चढेल हे मलाच माहीत नव्हतं.

"माझं नाव लिहायच्या आधी मला विचारलंस का?"

"खरं तेच लिहिलं."

"खरं लिहायचं असलं तरी माणसाला विचारावं लागतं. मंदाला विचारलं नव्हतंस, म्हणून तर ती गेली. आणि तेच तू परत केलंस. या वेळी माझ्याशी."

तू म्हणालास, "मंदासाठी केलं."

मी म्हटलं, "मी तुझा धडा नाही, दादा."

आई आतून म्हणाली, "शेजारी ऐकतायत." मी नंतर बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू रोज बाजारातून काहीतरी आणायचास, माठ, चवळी, अंबाडी, आणि बरोबर लिंबू. लिंबू माझ्या ताटाशेजारी ठेवायचास. मी ते उचलून कोनाड्यात ठेवायचे. कोनाड्यात लिंबं वाळून गेली. बाबा एकदा म्हणाले, "या घरात लोणचं घालायचा विचार आहे का?" तेव्हा मला हसू आलं होतं, पण मी तोंड फिरवलं.

काशीबाई शाळेत आली ती याच दिवसांत. गल्लीत बातमी पोचली होती की गुरुजींनी आपल्याच घरची लाज फळ्यावर मांडली. ती तडक वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली, पदर खोचून. तू खडू घेऊन तसाच उभा. ती म्हणाली, "गुरुजी, खरा काय? तुमची भैन पन मागनंच जेवते?"

"खरं आहे."

"शिकलेली ना ती? पुस्तकांच्या हापिसात बसते ना?"

"हो."

काशीबाईने कपाळाला हात लावला आणि हसली. तू मला हे सांगताना तिच्या हसण्याची नक्कल करायचास, ती मात्र तुला कधी जमली नाही. "मंग माज्या पोरीला कशाला लाज? उद्या धाडते तिला शालेत."

मंदा आली. आणि तिच्यापाठोपाठ भिशीतला बदलही आला. पहिलं ताट बाहेर जायच्या आधी काशीबाई मंदासाठी एक वाटी घट्ट डाळ काढून फळीवर झाकून ठेवू लागली. त्यावरून तिची माणसं तिला चिडवायची. "क्या मौसी, आजकल छोटी मालकिन पहले खाती है?" ती म्हणायची, "हां, पहले वोही खायेगी. तेरेको जल्दी है तो जा, लूम खा." तो दाढीवाला मग पुढे एकदा बाजारातून मंदासाठी शेंगदाण्याची चिक्की घेऊन आला आणि तुझ्याच सुरात म्हणाला, "इसमें प्रोटीन है."

तुझ्याविषयी मला जे सगळ्यात मोठं वाटतं ते यानंतरचं आहे. चूक झाल्यावर माणसं शिकवणं सोडतात, किंवा तीच चूक अभिमानाने करत राहतात. तू शिकवण्याची रीत बदललीस. पुढे इतकी वर्षं तू कधीही कुठल्या मुलाचं नाव डब्याच्या धड्यात फळ्यावर घेतलं नाहीस. वर्षाच्या सुरुवातीला आधी तुझा स्वतःचा डबा टेबलावर उघडायचास आणि म्हणायचास, काढा चुका. मुलं तुटून पडायची. "गुरुजी, रोज बटाटा!" "गुरुजी, पालेभाजी कुठाय?" वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला कळेना, नवरा रोज डबा घेऊन जातो आणि परत येऊन भाजीविषयी मुलांच्या तक्रारी का सांगतो.

आणि टॉवेल. तोही याच मंदाच्या वर्गातला. आतड्याची आतली बाजू कापडासारखी सपाट नसते, हे सांगायला तू एक सुताची पट्टी आणि एक टॉवेल पाण्यात बुडवलास. टॉवेलावर बारीक बारीक फंदे असतात, तसेच आतड्यात असतात, म्हणून एवढ्याशा जागेत केवढा तरी अन्नरस शोषला जातो. तू विचारलंस, असं का केलं असेल शरीराने? मंदा उठली आणि म्हणाली, "गुरुजी, काय पन वाया जाऊ नये म्हनून." तू हे उत्तर नव्वदच्या दशकातही मुलांना सांगत होतास. तोवर अंजूरच्या शेतांवर गोदामं उठायला लागली होती आणि पोरांच्या हातात चटकमटक पुड्या आल्या होत्या. तू पुड्यांवर चिडला नाहीस. एक पुडी फोडून खाल्लीस, म्हणालास, "चव चांगली आहे, तीच अडचण आहे," आणि खिशातून शेंगदाणे काढलेस.

घरात काय बदललं ते सांगायला हवं, कारण तुझ्याबद्दल बोलणारी माणसं ते सोपं करून सांगतात. सोपं नव्हतं. तू म्हणालास, भांडी मध्ये ठेवा, सगळे एकदम बसू. बाबा मान डोलावून सरकले. आईला मात्र ते लागलं. ती म्हणाली, "वाढायचं नाही, तर मग मी करायचं काय?" आपण बसायचो, ती दोन घास खायची आणि उठायची, कुणाला मीठ हवं, कुणाला पाणी. ती शेवटपर्यंत पूर्ण बसली नाही. तू तिला कधी जबरदस्ती केली नाहीस. स्वतः उठून तिच्या ताटात वाढायचास. ती म्हणायची, "पुरे, पुरे," आणि खायची.

मी बसले. राग होता तरी बसले. आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्याआधी वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना मला अंधारी यायची. शिडीला धरून उभी राहायचे, थोड्या वेळाने जग परत यायचं. मला वाटायचं, सगळ्या बायकांचं असंच असतं. घरात मी कुणाला बोलले नव्हते. हळूहळू, काही महिने गेले असतील, एक दिवस लक्षात आलं की मी शिडीवरून खाली उतरले आणि काही झालंच नाही. कधीपासून थांबलं ते कळलंही नाही. तोवर कोनाड्यात लिंबं साठायची थांबली होती, कारण मी ती पिळायला लागले होते. तुझ्या समोर नाही. तू हात धुवायला गेलास की.

तू मला धडा म्हणून वापरलंस, आणि तो धडा मला लागू पडला. हे तुझ्यासमोर कबूल करणं मला जमलं नाही. त्याऐवजी मी भांडण जिवंत ठेवलं. दर वर्षा-दोन वर्षांनी ते वर यायचं. तू कुणाच्या घरची गोष्ट सांगायला लागलास की मी म्हणायचे, "विचारलंयस का त्यांना?" तू म्हणायचास, "आता विचारतो बाई." आणि खरोखर विचारायचास. पण माफी मागितली नाहीस. मीही मागायला लावली नाही. बहुतेक आपल्या दोघांनाही ते भांडण आवडायला लागलं होतं.

मग तुझंच पोट बिघडलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तू त्यांना आकृती काढायला लावलीस आणि त्यांची आकृती सुधारलीस. वहिनी बाहेर येऊन भिंतीला टेकली, आणि आतून तुझा वर्गातला आवाज येत होता, हा भाग इथे, हा इथे. शेवटी शेवटी नुसती पेज उतरायची, तीही चमच्याने. मी चमचा धरायचे. तू म्हणायचास, "लूमचा संप बघितला होतास ना? तसा संप आहे. मालक काही करू शकत नाही." वर पेजेतलं काय काय अंगी लागतं ते सांगायचास, हळू आवाजात. तुझा आवाज कधी इतका हळू होईल असं मला वाटलं नव्हतं. मी वाकून ऐकायचे.

एका दुपारी तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोप लागली. तू म्हणालास, "ताई." तू मला लहानपणी चिडवायला ताई म्हणायचास, मी धाकटी असून. "अजून रागावली आहेस का फळ्यावरून?"

मी म्हटलं, "हो."

तू हसलास. मग डोळे उघडून नीट माझ्याकडे बघितलंस. "तेव्हा विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

मी म्हटलं, "आता ते कसं सांगू?" तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आली, आणि मी उठले. वाटी विसळायची होती. ती विसळायची काही घाई नव्हती. परत आले तेव्हा तू खरंच झोपला होतास. पुढचे दिवस तसे बोलायचे राहिले नाहीत.

तू प्रश्न विचारायचास तो उत्तर हवं असल्यावरच. वर्गातही उगीच विचारायचा नाहीस. म्हणून तो मला सोडत नाही. काल तुझ्या जलदान विधीला माणसं जमली होती. काशीबाई मला बाजूला घेऊन म्हणाली की मंदा सासरहून आली होती, पहिल्या वेळी नापास होऊन दुसऱ्या वेळी दहावी झालेली आपली मंदा, तिचा धाकटा नीट खात नाही म्हणून ती त्याला भाकरी चघळायला लावते, गोड लागेपर्यंत. मी ऐकत होते आणि मनात तुला उत्तर देत होते.

तू विचारलं असतंस, दादा, तर मी नाही म्हटलं असतं. लाजेने म्हटलं असतं, आणि ठाम म्हटलं असतं, आणि तू माझं ऐकलं असतंस, कारण विचारल्यावर ऐकणारा माणूस होतास तू. मग फळा कोरा राहिला असता. मंदा रांगेतून पाणी फिरवत राहिली असती. मी शिडीला धरून उभी राहिले असते आणि म्हटलं असतं, सगळ्या बायकांचं असंच असतं.

आणि तरीही तू विचारायला हवं होतंस.

ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. त्या दुपारी मला एकच द्यावं लागेल असं वाटलं, म्हणून मी वाटी उचलली. थांबले असते तर दोन्ही सांगितली असती. तू नक्की वाद घातला असतास, आणि मला तो ऐकायला आवडला असता.